रझाकारात की पोलीस ॲक्शनमध्ये?

आमच्या माजलगावच्या आजीला तारखा कधीच लक्षात राहिल्या नाहीत. तिचं कॅलेंडर वेगळं होतं. थोरला काका "रझाकारात" झाला आणि मागच्या खोलीची भिंत "दुष्काळात" पडली. म्हणजे अनुक्रमे १९४८ आणि १९७२. एवढ्या दोन खुणांवर तिचा सगळा हिशोब चालायचा आणि तो सहसा चुकायचा नाही.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. हिंदू असो की मुसलमान, सगळी गल्ली तिला खाला म्हणायची. तिचा मोठा मुलगा आणि आमचा काका एका वयाचे. पण खाला सांगायची, "मेरा बडा तो पुलिस ॲक्शन के टाइम का है." लहानपणी मला वाटायचं ही दोन वेगळी वर्षं असणार. पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि अशाच एका रिकाम्या शनिवारी वाचता वाचता लक्षात आलं, की वर्ष तर एकच आहे! एका गल्लीतल्या दोन घरांनी एकाच वर्षाला दोन नावं दिली होती.

आणि गंमत (खरं तर गंमत नव्हे) अशी की दोन्ही नावं भीतीचीच. आजीने वर्षाला नाव दिलं ते तिला ज्यांची भीती वाटली त्यांचं. खालाने दिलं ते तिला ज्याची वाटली त्याचं. यातली एक भीती आपण शाळेत शिकलो. दुसरी कुणी शिकवली नाही. आजचा लेख त्या दुसरीबद्दल आहे, पण पहिलीला वगळून ती सांगताच येत नाही. म्हणून सुरुवातीपासून.

*

हैदराबाद संस्थान म्हणजे ८२ हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाख. जिल्हे सोळा, लोकांच्या भाषा प्रामुख्याने तेलुगू, मराठी आणि कन्नड. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे म्हणजे मराठवाडा. (जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे खूप नंतर झाले. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ ची. खाली मी त्या त्या काळातली नावं वापरतोय, गैरसमज नसावा.)

राज्यकर्ता मुसलमान, प्रजेतले मुसलमान मात्र साधारण तेरा टक्के. कारभार उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेसुद्धा उर्दू माध्यमाचं. सरकारी नोकऱ्यांत, पोलिसात आणि फौजेत मुसलमानांचा वाटा तेरा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त. हे सगळं खरं आहे आणि मराठी घरांतला राग इथूनच येतो. आपल्याच गावात आपल्या भाषेत अर्ज करता येत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

पण माजलगावसारख्या गावातला मुसलमान कोण होता? मोमीन (विणकर), पिंजारी, तांबोळी, बागवान, मणियार, अत्तार. बांगड्या विकणारा, कापूस पिंजणारा, फळांची टोपली घेऊन बाजाराला जाणारा. राज्य "त्यांचं" होतं असं आपण सहज म्हणतो. या पिंजाऱ्याच्या घरात त्या राज्यातलं काय आलं होतं? फार तर एखादा भाऊबंद पोलिसात शिपाई. उलट बाजूला जहागीरदार आणि देशमुखांत हिंदूही होते. निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते पिंगळी वेंकटराम रेड्डी. म्हणजे "मुसलमानांचं राज्य" हे वर्णन राजवाड्यापुरतं बरोबर होतं, गल्लीपुरतं नव्हतं.

हा फरक कुणी पुसला? दोघांनी पुसला. पहिल्यांदा पुसला तो मुसलमानांच्याच पुढाऱ्यांनी.

*

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये निघाली. सुरुवातीचं काम धार्मिक आणि सामाजिक, मुसलमानांमधले पंथभेद मिटवण्याचं. तिला जबरदस्त राजकीय ताकद दिली बहादूर यार जंग यांनी. माणूस विलक्षण वक्ता. त्यांच्या काळात मजलिसने एक सिद्धांत मांडला, "अनल मलिक". अर्थ असा, की राजा मीच. हैदराबादचं सार्वभौमत्व एकट्या निजामाचं नाही, ते इथल्या प्रत्येक मुसलमानाचं आहे. निजाम फक्त त्याचं प्रतीक.

जरा थांबून विचार करा. दिवसभर कापूस पिंजून संध्याकाळी भाकरीची भ्रांत असलेल्या माणसाला कुणीतरी येऊन सांगतंय, की तू राजा आहेस. त्याला जमीन मिळाली नाही, पगार मिळाला नाही. मिळाली ती फक्त पदवी. आणि पदवीसोबत एक भीती फुकट, की उद्या लोकशाही आली तर तेरा टक्क्यांचं काय होणार?

ही भीती अगदीच हवेतली नव्हती, हेही मान्य करू. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याच सुमाराला स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, आर्य समाजाचा झाला आणि हिंदू महासभेचाही झाला. जबाबदार राज्यपद्धती मागणारे आणि हिंदूंचं राज्य मागणारे एकाच वेळी तुरुंगात जात होते. स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस (आमच्याच जिल्ह्यात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, ते शिक्षक होते) पहिल्या गटातला. पण बाहेरून पाहणाऱ्या घाबरलेल्या माणसाला हा फरक दिसतोच असं नाही. त्याला फक्त गर्दी दिसते.

राजकारणाचं काम अशा वेळी भीती कमी करण्याचं असतं. मजलिसने ती वाढवली. १९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. १९४६ मध्ये नेतृत्व आलं लातूरच्या एका वकिलाकडे. त्याचं नाव कासीम रझवी. पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे.

*

माहीत आहे म्हणून ती घाईत उरकायची नाही.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हैदराबाद झालं नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा "जैसे थे" करार झाला. त्या मुदतीत रझवीचे रझाकार, म्हणजे स्वयंसेवक म्हणवणाऱ्या सशस्त्र टोळ्या, गावोगाव फिरू लागल्या. पद्धत अशी, की गावावर रक्कम बसवायची. मुकाट्याने दिली तर बहुधा पुढे त्रास नाही. नाही म्हणालात तर लूट. लुटीला विरोध केलात तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये कत्तल झाली. हद्दीवरच्या गावांतून लोक बार्शी, सोलापूर, नगरकडे पळाले. आमच्या आजीची "रझाकारात" ही खूण या दिवसांची आहे. रात्री दिवे लावायचे नाहीत, लेकीबाळींना आत ठेवायचं, कुत्री भुंकली की श्वास रोखायचा. त्या भीतीत खोटं काहीच नव्हतं.

पण रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण तेव्हाच चुकीचं होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये काही प्रतिष्ठित हैदराबादी मुसलमानांनी भारतात सामील व्हावं असं जाहीर पत्रक काढलं. "इमरोज" या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान सतत रझाकारांविरुद्ध लिहीत होते. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि लिहिणारा हात छाटला गेला. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची यादी म्हणताना हे नाव आपल्या ओठांवर किती वेळा येतं? मला तर शाळेत एकदाही ऐकल्याचं आठवत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. जनरल चौधरी लष्करी प्रशासक झाले. शाळेच्या पुस्तकातला धडा इथे संपतो.

खालाची गोष्ट इथे सुरू होते.

*

फौजा आल्यावर रझाकारांचे म्होरके पकडले गेले किंवा पळाले. गावात राहिला तो पिंजारी आणि तांबोळी. कालपर्यंत ज्याला "तू राजा आहेस" असं सांगितलं होतं, त्याला आता सांगितलं गेलं, "तू राजा होतास ना? मग फेड." पदवी देणारे वेगळे, वसुली करणारे वेगळे, पण दोघांनी त्याला एकच ओळख चिकटवली. त्याचं स्वतःचं मत कुणीच विचारलं नाही. फरक पुसणारे दुसरे म्हणालो ते हे.

संस्थानातून वाईट बातम्या दिल्लीला पोचू लागल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून एक सद्भावना मंडळ पाठवण्यात आलं. प्रमुख गांधीवादी नेते पंडित सुंदरलाल. सोबत "पयाम" या उर्दू दैनिकाचे माजी संपादक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले. सात जिल्ह्यांची ठिकाणं, २१ गावं-शहरं, २३ मोठी खेडी पाहिली. शिवाय जिथे जाता आलं नाही अशा १०९ खेड्यांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलले.

त्यांचा अंदाज असा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची स्थिती सर्वांत वाईट, मृत्यू किमान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारमध्ये किमान ५ हजार. संपूर्ण संस्थानात, अगदी हात राखून धरलं तरी, २७ ते ४० हजार. ही जनगणना नव्हे, अंदाज आहे, आणि त्याहून कमी-जास्त आकडे सांगणारेही आहेत. पण सरकारनेच पाठवलेल्या लोकांनी प्रत्यक्ष फिरून केलेला अंदाज आहे. आणि एक गोष्ट बघा. या आठ जिल्ह्यांत मराठवाड्याच्या पाचपैकी चार जिल्हे आहेत. त्यात आमचं बीड आहे.

लातूरबद्दल अहवाल सांगतो, की श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या या पेठेत वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी मंडळाला गावात जेमतेम तीन हजार माणसं सापडली. अनेक ठिकाणी प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यांना दाखवण्यात आल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेतं मोजली, त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीला चिकटलेलं मूल. अहवालात लूट आहे, बायका पळवणं आहे, सक्तीचं धर्मांतर आहे. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेले एका जातीयवादी संघटनेचे सशस्त्र लोक आहेत. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील झाल्याची नोंद आहे, आणि त्याच वेळी एकूण फौजेची शिस्त चांगली होती असंही स्पष्ट म्हटलेलं आहे. रझाकारांनी आधी काय केलं तेही त्यात आहे. गावावर रक्कम बसवण्याची जी पद्धत मी वर लिहिली, ती याच अहवालातली.

आणि आणखी एक गोष्ट त्यात आहे. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या हकिगती. विशेषतः विणकरांमध्ये, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना सांभाळल्याच्या. बाजूबाजूला माग असणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचा धर्म माहीत असतो. पण त्याआधी एकमेकांचा धंदा, कर्ज आणि पोरं माहीत असतात. हेच नेमकं "अनल मलिक"वाल्यांनाही नको होतं आणि सूड घ्यायला निघालेल्यांनाही.

*

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता, रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेसं वजन दिलेलं नाही असं त्यांचं म्हणणं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणखी आगीत तेल नको असाही विचार असेल. कारण काही असो, कागद दबला. इतिहासकार ओमर खालिदी यांच्या १९८८ च्या पुस्तकातून काही भाग बाहेर आला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळतो ही बातमी झाली ती २०१३ मध्ये. घटनेनंतर पासष्ट वर्षांनी!

सरकारचं एक वेळ समजू शकतो. मला जास्त कोड्यात टाकते ती घरांतली शांतता. खालाचा नातू माझा शाळासोबती, आता इथेच पुण्यात आयटीत आहे. त्याला विचारलं, "तुमच्या घरात १९४८ बद्दल काय सांगतात?" तो म्हणाला, "काहीच नाही. दादी फक्त पुलिस ॲक्शन म्हणायची, पुढे बोलायची नाही. अब्बांना विचारलं तर म्हणायचे, अभ्यास कर."

मी विचार केला, तेव्हा कारण लक्षात आलं. आपल्यावर काय गुजरलं हे सांगायला तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार, "आणि रझाकारांनी काय केलं होतं?" म्हणजे दुःख सांगायच्या आधी निर्दोष असल्याचा दाखला द्यायचा. तो दाखला कुठून आणणार? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

गप्प बसून जगायचं तर जगणंही अवघड झालेलं. कितीतरी मुसलमान सरकारी नोकर कामावरून गेले. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या. (ते योग्यच झालं, पण त्या आधारावर जगणारे हजारो लहान लोक उघड्यावर आले.) कारभाराची भाषा बदलली. उर्दूत शिकलेला कारकून काही वर्षांत निरक्षरासारखा झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्यांना जमलं ते हैदराबादला गेले, काही पाकिस्तानात. कासीम रझवीही १९५७ मध्ये सुटल्यावर पाकिस्तानात गेला आणि तिथेच मेला. पिंजारी मात्र इथेच राहिला. जाणार कुठे? त्याचं गाव माजलगाव होतं.

*

पुढच्या राजकारणाकडे पाहिलं की एक आशादायक गोष्ट दिसते. ही जखम असूनसुद्धा आमचा जिल्हा बराच काळ वेगळ्याच प्रश्नांवर मत देत होता. बीडमधून १९६७ मध्ये साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे खासदार झाले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. जमीन, मजुरी, दुष्काळ हे मुद्दे धर्माच्या वर होते.

मग १९८० चं दशक आलं. शिवसेना मराठवाड्यात शिरली, १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेची निवडणूक गाजली आणि "खान हवा की बाण" हा प्रश्न मतदाराला विचारला जाऊ लागला. चाळीस वर्षांपूर्वी संपलेला "रझाकार" शब्द पुन्हा बाहेर निघाला, आता शिवी म्हणून. ज्यांचा जन्मच १९७० मध्ये झाला अशा पोरांनासुद्धा.

दुसऱ्या बाजूला मजलिस १९५८ मध्येच नव्याने उभी राहिली होती, भारतीय राज्यघटना मान्य करून. २०१२ मध्ये नांदेड महापालिकेत तिला ११ जागा मिळाल्या, २०१४ मध्ये औरंगाबाद मध्य विधानसभा आणि २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभा. आजच्या मजलिसला रझाकारांची मजलिस म्हणणं अन्यायाचं आहे. तिचे आमदार-खासदार घटनेची शपथ घेतात, निवडणूक हरले की घरी जातात. पण माझी एक तक्रार आहे. "आपला माणूस नाही तर आपलं कुणी नाही" हा सूर जेव्हा त्या सभांत लागतो, तेव्हा मला जुनी तार वाजल्यासारखी वाटते. आणि समोरच्या सभेत "ते वाढले तर आपलं काय" हा सूर लागतो तेव्हाही तीच तार. १९४६ ची गोष्ट मला एवढंच शिकवते, की भीतीवर चालणारं राजकारण ज्याची भीती दाखवतं तेच शेवटी घडवून आणतं. तेरा टक्क्यांना "तुमचं सगळं जाईल" असं सांगत रझवीने त्यांना अशा जागी नेऊन ठेवलं, की खरोखर सगळं गेलं. त्याचं स्वतःचं नाही. पिंजाऱ्याचं.

बीड जिल्ह्यात आजही मुसलमान साधारण बाराच टक्के आहेत (२०११ ची जनगणना). भीती कुठून येते ते पाहायला फार लांब जायला नको. आमच्या शेजारच्या गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी २६/११ च्या हल्लेखोरांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत होता असा आरोप आहे, आणि २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. शिक्षा योग्यच. पण त्यानंतर किती वर्षं "बीडचा का?" हा प्रश्न माझ्या मित्राने ऐकला, मी ऐकला नाही. आम्ही एकाच गल्लीतले. त्याच २०१६ मध्ये न्यायालयाने मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना आरोपमुक्त केलं. त्यातल्या अनेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली होती. पहिली बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली, दुसरी किती जणांच्या?

पुण्यात आम्ही दोघं एकदम फ्लॅट शोधत होतो तेव्हाचा किस्सा. फोन त्याने केला तर नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असायचा, नाव सांगितलं की "अरेरे, आत्ताच गेला". अर्ध्या तासाने मी फोन केला की तोच फ्लॅट पुन्हा रिकामा! तिसऱ्या वेळी आम्ही हसलो. पाचव्या वेळी तो हसला नाही.

आणि २०१४ चा मुद्दा. राज्य सरकारने वटहुकूम काढून मराठ्यांना १६ टक्के आणि मुसलमानांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांचं नोकऱ्यांतलं आरक्षणही थांबवलं, पण शिक्षणातलं ५ टक्के रोखलं नाही. तोवर सरकार बदललं होतं आणि त्या वटहुकमाचा कायदा झालाच नाही. भावनेच्या प्रश्नावर सभा भरतात, शिक्षणाच्या प्रश्नावर वटहुकूम संपतात.

*

हे सगळं आत्ता लिहावंसं का वाटलं? कारण इतिहासाने आमच्या भागात एक विचित्र वळण घेतलंय. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांच्या समितीमार्फत. नोंदी कुठल्या? निजामकाळातल्या! मोडीत आणि उर्दूत. ज्या कागदांना आपण पिढ्यान्‌पिढ्या गुलामीची खूण म्हणत आलो, त्यांतच आपली ओळख सापडू लागली आणि ती वाचायला उर्दू जाणणारे लागले. २ सप्टेंबर २०२५ ला तर हैदराबाद गॅझेटबद्दल रीतसर शासन निर्णय निघाला.

३० ऑक्टोबर २०२३ ला याच आंदोलनाच्या वेळी माजलगाव पेटलं होतं. आमदारांचं घर जाळलं गेलं, नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली. जिल्ह्यात इंटरनेट बंद. त्या रात्री गल्लीत कोण कोणाला घाबरलं? मराठा, ओबीसी, सगळेच. असुरक्षितता म्हणजे काय, हे त्या एका रात्रीत कितीतरी घरांना पहिल्यांदा कळलं असेल. खालाच्या घराला नवीन नव्हतं.

आणि ३० मार्च २०२५, रमजान ईदच्या आदल्या दिवशीची पहाट. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावात मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. सुदैवाने कुणी जखमी नाही. पोलिसांना खबर दिली गावच्या सरपंचांनी, काही तासांत दोन तरुण पकडले गेले. १९४८ आणि २०२५ मधला फरक मला इथे दिसतो. गावाने फोन केला, पोलीस आले, अटक झाली. राज्य कुणाचं, हा प्रश्न न विचारता कायदा धावला तर भीती अर्धी होते. उरलेली अर्धी मात्र कायद्याच्या हातात नाही. ती आपल्या घरांत आहे.

घरातलीच गोष्ट सांगून थांबतो. माजलगावच्या आमच्या घरात मागच्या अंगणात तांब्याची एक मोठी देग आहे. लहानपणापासून आम्ही तिच्यात पाणी तापवतो. काठावर ठोक्याने कोरलेली उर्दू अक्षरं आहेत. आजीला विचारलं की ती म्हणायची, "रझाकारात मिळाली." मिळाली म्हणजे कशी, हे मी कधी विचारलं नाही. विकत घेतली असेल. कुणी गाव सोडताना ठेवायला दिली असेल. किंवा तिसरी शक्यता, जी तुमच्याही मनात आली असेल.

मागच्या दिवाळीत तिचा फोटो काढून मित्राला पाठवला. तो उर्दू वाचतो. म्हटलं, काय लिहिलंय बघ. त्याचं उत्तर आलं, "एका बाईचं नाव आहे. कुठली देग ही?"

मी लिहिलं, "आमच्या घरातली." मग जरा वेळाने आणखी एक ओळ लिहिली, "१९४८ ची."

त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. नंतर फोनच केला. तासभर बोललो. त्यात एकदाही त्याने माझ्याकडे दाखला मागितला नाही, मीही त्याच्याकडे मागितला नाही. दोघांनी मिळून ठरवलंय, की पुढच्या १७ सप्टेंबरला गावी जायचं. सकाळी झेंडावंदनाला उभं राहायचं, कारण ते स्वातंत्र्य त्याच्या घराचंही आहे. आणि मग गल्लीतल्या उरलेल्या दोन-चार म्हाताऱ्यांना त्या नावाबद्दल विचारायचं.

सापडेलच असं नाही. पण विचारायला सुरुवात तर होईल.